रसशाळेतील सत्तूर : सुश्रुतोक्त शस्त्रसंपद् आणि आपल्या भागातील लोहारकाम

औषधनिर्मितीविषयी लिहिताना आपण द्रव्याची ओळख, संग्रहकाल, भावना, पाक आणि मात्रा यांचा सविस्तर ऊहापोह करतो. चूर्ण कोणत्या चाळणीतून गाळावे, क्वाथास पाणी किती घालावे, याविषयी आपल्यात मतभेदही होतात आणि ते योग्यच आहे. परंतु हिरवी गुळवेल असो वा वाळलेली अश्वगंधा, रसशाळेत आल्यानंतर द्रव्याला पहिला स्पर्श होतो तो पात्याचा. ते पाते कोणी घडविले, कशाचे घडविले, त्याला पाणी कसे दिले, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित साधनाचा विचार करावयाचा आहे.

या विचाराला कारण घडले ते असे. आमच्या छोट्या रसशाळेत काही वर्षांपूर्वी बाजारातून एक चकचकीत सत्तूर आणला. पहिले काही दिवस तो उत्तम चालला. नंतर एके दिवशी अश्वगंधेचे चूर्ण चाळताना चाळणीवर तांदळाच्या कण्याएवढा एक धातूचा तुकडा सापडला. सत्तूर तपासला तेव्हा धारेला तेवढीच खाच पडलेली दिसली. तुकडा सापडला म्हणून आपण वाचलो, असे म्हणून चालणार नव्हते. दुसरा एखादा तुकडा दळला जाऊन चूर्णात मिसळला नाही याची खात्री कोण देणार? त्या दिवसाचे सर्व चूर्ण टाकून द्यावे लागले. नुकसान सोसता आले. पण तो कण रुग्णाच्या पोटात गेला असता तर, हा प्रश्न मनातून गेला नाही. तेव्हापासून पात्याच्या बाबतीत सुश्रुताचार्यांकडे आणि गावच्या लोहाराकडे, अशा दोन्ही ठिकाणी आम्ही शिकावयास गेलो.

सुश्रुतांनी सांगितलेली कसोटी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ८ वा अध्याय, शस्त्रावचारणीय, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेला आहे. २० शस्त्रांची नावे परीक्षेसाठी लक्षात ठेवली आणि पुढे विसरलो. परंतु त्याच अध्यायात शस्त्राचे ६ गुण आणि ८ दोष सांगितले आहेत. ते केवळ शस्त्रकर्मापुरते नाहीत. कोणत्याही कापणाऱ्या साधनाची ती परिपूर्ण परीक्षा आहे.

शस्त्र धरावयास सोयीचे असावे (सुग्रह), उत्तम लोहाचे असावे (सुलोह), धार चांगली असावी (सुधार), घडण डौलदार असावी (सुरूप), मुखाग्र नीट जुळलेले असावे (सुसमाहितमुखाग्र) आणि ते दातेरी वा ओबडधोबड नसावे (अकराल). हे सहा गुण. वक्र, कुंठ, खंड, खरधार, अतिस्थूल, अतितुच्छ, अतिदीर्घ आणि अतिह्रस्व हे आठ दोष. यांतील खरधार हा दोष करपत्राला, म्हणजे करवतीला लागू नाही, कारण अस्थिछेदनासाठी दातेरी धारच हवी असते. एकाच गोष्टीला एका कामात दोष आणि दुसऱ्या कामात गुण म्हणणारी ही दृष्टी फार महत्त्वाची आहे.

धारेच्या जाडीबाबतही हीच दृष्टी दिसते. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, लेखनाची त्याच्या अर्धी, व्यधन व विस्रावणाची केसाएवढी आणि छेदनाची अर्ध्या केसाएवढी असावी, असे सांगितले आहे. कामानुसार धार हवी, एकच धार सर्वत्र चालत नाही, हा त्याचा इत्यर्थ. वाळलेले मूळ तोडणारे पाते आणि अडुळशाची ओली पाने कापणारे पाते एकच ठेवणारी रसशाळा हा नियम रोज मोडत असते.

त्यानंतर येते ती पायना. तापविलेल्या शस्त्राला ज्या द्रवात बुडवून कठीण करावयाचे, त्याचे तीन प्रकार आहेत : क्षार, उदक आणि तैल. बाण, शल्य व अस्थी यांच्या छेदनासाठी क्षारपायित. मांसाच्या छेदन, भेदन व पाटनासाठी उदकपायित. सिराव्यध व स्नायुच्छेदनासाठी तैलपायित शस्त्र योजावे, असा विभाग आहे. आपला शेतकरी आजही विळा ‘पाजवून’ आणतो आणि लोहार पात्याला ‘पाणी देतो’. पायना म्हणजे पाजणेच. संहितेतील शब्द आणि नेटावरचा शब्द यांत अंतर नाही.

आजच्या धातुशास्त्रानुसारही या तीन द्रवांची निवण्याची गती वेगवेगळी आहे. तापलेले पोलाद साध्या पाण्यात बुडविले की त्याभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि ते काही क्षण उष्णता अडवून धरते. पाण्यात क्षार वा लवण असल्यास हे आवरण लवकर फुटते, म्हणून पाते अधिक वेगाने निवते. तेलात ते त्यामानाने सावकाश निवते. जितके वेगाने निवणे, तितके काठिण्य अधिक. पण तडा जाण्याचे भयही तितकेच अधिक.

आपल्या भागातील लोहविद्या

हे ज्ञान ग्रंथातच राहिले असे नाही. नांदेडच्या पूर्वेस, आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे गाव एके काळी पोलादासाठी दूरवर प्रसिद्ध होते. मुशीत वितळवून केलेले तेथील उच्च कार्बनयुक्त पोलाद, ज्याला युरोपात ‘वुट्झ’ म्हणत, इराणपर्यंत जात असे व त्याच्या तलवारी घडत. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करणारे डॉ. हेन्री व्हॉयसी यांनी १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील पद्धतीचे वर्णन लिहून ठेवले. ते पेशाने शल्यचिकित्सक होते, हे आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे.

खुद्द नांदेडमध्ये शस्त्रविद्येची परंपरा आजही डोळ्यांसमोर आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंहजींनी जेथे देह ठेवला त्या सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात कृपाणांची दुकाने आहेत. शस्त्रे घडविणे, पाजळणे व त्यांना चकाकी देणे हा शिकलीगर शीख समाजाचा परंपरागत व्यवसाय होय. ‘शिकल’ करणे म्हणजे धातूला घासून झळाळी आणणे, त्यावरूनच हे नाव आले.

लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत गावचा लोहार होताच. त्याशिवाय रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणारी घिसाडी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसा, शेजारी भाता किंवा आता हाताने फिरविण्याचा पंखा, आणि जमिनीत रोवलेली ऐरण, एवढाच त्यांचा कारखाना. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड धरतो आणि बहुधा घरातील स्त्री समोर उभी राहून घण घालते. नवऱ्याचा छोटा हातोडा जेथे पडतो तेथेच तिचा घण पडतो. बोलण्याची गरज नसते. दोघांच्या या ठेक्यात दोन मिनिटांत लोखंडाचा आकार बदललेला दिसतो. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी ही त्यांची नेहमीची कामे. औषधी तोडण्यासाठी सत्तूर घडवून द्या, असे सांगणारा गिऱ्हाईक त्यांच्याकडे क्वचितच येतो.

पाते कसे घडते

सत्तूर घडविताना लोहार आज बहुधा मोटारगाडीच्या जुन्या कमानीचा पाटा वापरतो. यामागे केवळ स्वस्तपणा नाही. कमानीच्या पोलादात साधारणतः ०.५ ते ०.६५ टक्के कार्बन आणि त्याच्या जोडीला सिलिकॉन अथवा मँगनीज, क्रोमियम अशी द्रव्ये असतात. हजारो वेळा वाकूनही न तुटणे हाच त्याचा धर्म. उलट बांधकामाची सळई वा साधी पट्टी यांतील मऊ पोलादात कार्बन इतका कमी असतो की त्याला कितीही पाणी दिले तरी धार धरत नाही. ‘सुलोह’ या एका शब्दात हे सर्व सामावले आहे. लोहाराला प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच : “लोखंड कशाचं हाय, मामा?” तो पाट्याचा तुकडा उचलून दाखवील. जुन्या पाट्याला डोळ्यांस न दिसणारे तडे असू शकतात, म्हणून खिळ्याच्या भोकाजवळचा भाग व गंज लागून खड्डे पडलेला भाग घेऊ नये, एवढे मात्र आपण सांगावे.

पाट्याचा तुकडा छिन्नीने तोडून तो भट्टीत घालतात. लाल रंग चढून नारिंगीकडे झुकला की तो बाहेर काढून घणाखाली घेतात. लालसरपणा मंदावला की ठोकणे थांबते व तुकडा पुन्हा विस्तवात जातो. थंड होत आलेल्या पोलादावर घण घातल्यास आत तडे जातात. आणि फार तापून पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळते. जळलेले पोलाद पुन्हा कामास येत नाही. म्हणून कसबी लोहार भट्टी सावलीत मांडतो, कारण भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा खरा रंग कळत नाही.

पहिल्या काही तापांत मुठीत शिरणारे शेपूट ओढून काढतात. नंतर पाते रुंद करतात. पाठीकडून धारेकडे जाडी क्रमाने उतरवीत नेतात आणि मुठीकडून टोकाकडेही किंचित उतार देतात. हा दुहेरी उतार हातघडणीचे वैशिष्ट्य होय. पत्र्यातून कापून काढलेल्या पात्याची जाडी सर्वत्र सारखी राहते आणि केवळ कडेला धार घासलेली असते. असे पाते वाळलेल्या मुळात शिरले की फाचरीसारखे अडकते. घडविलेले पाते मात्र वजन पाठीत राखून धार सडपातळ ठेवते. हाताला जोर कमी लागतो.

घडण पूर्ण झाल्यावर पाते पुन्हा लाल करून राखेत सावकाश निवू द्यावे, म्हणजे घणाचे आतील ताण निघून जातात. ही पायरी घाईत वगळली जाते. तिच्यासाठी थोडे थांबण्याची तयारी ठेवावी आणि त्याचे वेगळे दामही द्यावे. त्यानंतर कानशीने आकार पक्का करतात.

पाणी देणे : कामाचा गाभा

आता सर्वांत नाजूक भाग. पाते सारखे लाल तापविल्यावर, म्हणजे साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे, ते द्रवात बुडवावयाचे असते. एक सोपी खूण अशी की पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला धरणे सोडते. त्यानंतर थोडा ताव अधिक द्यावयाचा. बुडविल्यावर पोलाद अत्यंत कठीण होते, पण त्याच वेळी काचेसारखे ठिसूळही होते. या अवस्थेत ते वापरावयास दिले तर आमच्या त्या चकचकीत सत्तुरासारखे धारेतून कण सुटतात.

म्हणून कसबी लोहार केवळ धारेचा भाग बुडवितो आणि पाठ बाहेर ठेवतो. बाहेर काढल्याबरोबर धारेची कड दगडावर घासून चमकवितो. पाठीत शिल्लक राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागते आणि चमकविलेल्या भागावर रंगांचे पट्टे धावताना दिसतात. प्रथम गवतासारखा फिका पिवळा, सुमारे २२० अंशांना. मग तपकिरी, सुमारे २६० अंशांना. पुढे जांभळा, सुमारे २८० अंशांना. आणि अखेर निळा, सुमारे ३०० अंशांना. हवा तो रंग धारेवर पोहोचताच संपूर्ण पाते बुडवून ते थांबवितात. सगळा खेळ काही क्षणांचा असतो.

पिवळ्यावर थांबविलेली धार वस्तऱ्यासारखी तीक्ष्ण राहते, पण ठोक्याला टिकत नाही. सत्तूर ठोक्याचे साधन आहे. त्याची धार तपकिरीच्या पुढे, जांभळ्याच्या सुरुवातीला थांबविलेली असावी आणि पाठ निळ्याच्या पलीकडे मऊ राहावी, असा आमचा अनुभव. कठीण धार व चिवट पाठ ही जोडी एकाच पात्यात साधते, हे हातघडणीचे खरे मोल आहे.

पाणी की तेल, हा प्रश्न येथे येतो. कमानीचे पोलाद हे मुळात तेलात निववावयाच्या जातीचे आहे. थंड पाण्यात ते संपूर्ण बुडविल्यास तडा जाऊ शकतो. म्हणून लोहाराजवळ तेल नसेल तर आपण स्वतः ४-५ लिटर जुने खाद्यतेल घेऊन जावे. पेटण्याचे भय असल्याने भांडे उघड्या जागी, लोखंडी व झाकणासह असावे. सुश्रुतांनी तीन पायना का सांगितल्या, हे त्या दिवशी जसे समजते तसे वर्गात समजत नाही.

ताब्यात घेताना परीक्षा

सत्तूर हाती आल्यावर आठ दोषांची यादीच तपासणीचा तक्ता म्हणून वापरावी.

१) वक्र : पाते डोळ्यांसमोर आडवे धरून पाठीवरून व धारेवरून नजर टाकावी. पाणी देताना पीळ पडला असल्यास लगेच दिसतो.

२) कुंठ : ताजे तुळशीचे पान अधांतरी धरून धारेने छेदावे. पान चुरगळले तर धार बोथट समजावी.

३) खंड : धारेवरून कापसाचा बोळा अलगद फिरवावा. जेथे खाच वा कण सुटलेला असेल तेथे कापूस अडकतो. तसेच पाते दोरीने टांगून लाकडाने ठोकावे. अखंड पात्याचा नाद स्वच्छ व लांबणारा असतो. तडा असल्यास तो बद्द येतो.

४) खरधार : भिंगातून पाहता धारेवर दाते अथवा एका बाजूला वळलेली कड दिसू नये.

५) अतिस्थूल : जाड पाते मुळात रुतून बसते. धारेपासून बोटभर वर पात्याची जाडी ३ मि.मी.पेक्षा अधिक नसावी.

६) अतितुच्छ : फार पातळ व हलके पाते ठोक्याला वळते.

७) अतिदीर्घ व ८) अतिह्रस्व : २२ ते २५ सें.मी. लांबी, ८ ते ९ सें.मी. रुंदी, पाठीची जाडी ५ ते ६ मि.मी. आणि मुठीसह पाऊण ते एक किलो वजन आमच्या कामगारांना सोयीचे वाटले. ज्याच्या हातात ते राहणार त्याच्या हाताचे माप घ्यावे, मालकाच्या नव्हे.

याशिवाय काठिण्याची एक परीक्षा : बारीक कानस धारेवर फिरवावी. ती लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर पाणी चढलेले नाही. ती काचेवरून घसरावी तशी मुळीच न पकडता घसरली तर पाणी फार कडक आहे. किंचित पकडून घसरणारी धार योग्य.

‘सुग्रह’ या गुणासाठी मूठ बाभळीची किंवा शिसवाची घ्यावी. शेपूट मुठीच्या आरपार जाऊन मागे ठोकून बसविलेले असावे व पुढे लोखंडी कडी असावी. ओल्या हातातून निसटलेले पाते हा रसशाळेतील मोठा अपघात होय.

कोणत्या द्रव्याला कोणते पाते

शार्ङ्गधरांनी गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही द्रव्ये सदैव आर्द्र वापरावीत व ती द्विगुण घेऊ नयेत, असे सांगितले आहे. ओल्या द्रव्यात पात्याचे महत्त्व सर्वाधिक. बोथट पाते गुळवेलीचे कांड कापत नाही, चेपते. रस ठोकळ्यावर जातो आणि तुकड्यांची टोके चिंबून वाळताना काळी पडतात, त्यांना बुरशी लवकर धरते. गुडूचीसत्त्वासाठी कांडाचे तुकडे करताना वाया जाणाऱ्या रसाबरोबर सत्त्वही जाते. ओल्या द्रव्यांसाठी म्हणून हलके, पातळ धारेचे वेगळे पाते ठेवावे.

क्वाथद्रव्याची भरड करण्यापूर्वी मुळे व साली यांचे समान तुकडे करणे आवश्यक असते. १६ पट पाण्यात अष्टमांश आटवावयाचे तर काही तुकडे बोटाएवढे व काही भुकटीसारखे असून चालणार नाही. लहान तुकड्यांचा पूर्ण पाक होतो आणि मोठ्यांचा गाभा तसाच राहतो. जड सत्तूर व चिंचेच्या लाकडाचा ठोकळा ही जोडी या कामास उत्तम. ज्येष्ठमधासारख्या तंतुमय मुळांच्या पातळ चकत्या करावयाच्या असल्यास मोठा अडकित्ता अधिक सोयीचा.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. हिरडा, बेहडा, ओला आवळा, डाळिंबाची साल अशा कषायरसप्रधान द्रव्यांना साधे पोलाद लावू नये. त्यांतील टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन निळसर काळा रंग येतो. हिरडा व हिराकस यांपासून आपले पूर्वज शाई करीत, ती याच संयोगाने. अवलेहासाठी आवळे चिरावयाचे असल्यास स्टेनलेस स्टीलचेच पाते हवे. मात्र भांड्यांच्या पत्र्याचे, ३०४ प्रतीचे स्टेनलेस पाणी देऊन कठीण होत नाही. सुरीसाठीचे वेगळे स्टेनलेस मागून घ्यावे.

विषवर्गाबाबत तर तडजोड नाही. शोधनापूर्वी वत्सनाभाचे हरभऱ्याएवढे तुकडे करणे, भल्लातकाचे वृंत काढणे, कुचल्याचे काप करणे, या कामांचे पाते व ठोकळा स्वतंत्र असावेत. त्यांच्या मुठीला लाल रंग द्यावा व ते कुलपात ठेवावेत. भल्लातकाचा चीक लागलेले पाते दुसऱ्या कामगाराच्या हाती गेले तर काय होते, हे आपणांस सांगावयास नको.

निगा

धार लावण्यासाठी सुश्रुतांनी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिला आणि धार स्थिर करण्यासाठी शाल्मलीची फळी सांगितली आहे. किनवटच्या जंगलात काटेसावर विपुल आहे. तिच्या मऊ लाकडाची फळी रसशाळेत ठेवून दगडावर पाजळल्यानंतर पाते तिच्यावर पाठीच्या दिशेने ओढावे. विजेच्या सहाणेवर धार लावू नये. धारेवर निळा रंग उमटला की पाणी उतरले असे समजावे. लोहाराचे सर्व कौशल्य त्या क्षणी वाया जाते.

काम संपताच पाते कोमट पाण्याने धुऊन, पुसून, वाळवून तिळाच्या तेलाचे बोट फिरवावे. वाग्भटांनी शस्त्रकोश ९ अंगुळे रुंद व १२ अंगुळे लांब, क्षौम, लोकर, रेशीम वा मऊ चामड्याचा सांगितला आहे. आपण जाड सुती कापडाची पिशवी शिवली तरी पुरे. दररोज काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर धार भिंगातून पाहून नोंदवहीत सही करावी. खाच दिसली तर त्या दिवसाचा माल अडवून ठेवावा. दळणयंत्राच्या तोंडाशी चुंबक बसविण्याचा खर्च अगदी थोडा आहे. कमानीच्या पोलादाचा कण चुंबकाला हमखास धरतो, ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचा धरत नाही, हाही एक विचार करण्याजोगा मुद्दा.

१९४५ च्या औषधविषयक नियमांतील परिशिष्ट ‘टी’ २००० साली आपल्या औषधांना लागू झाले. त्यात स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना सूट आहे. ती सूट कागदपत्रांपुरती समजावी. धातूचा कण परवान्याचा औषधनिर्माता कोण व सूट असलेला वैद्य कोण, हे पाहत नाही.

समारोप

तयार कोयते बाजारात आले, बैलगाड्या गेल्या, चाकांना धाव चढविण्याचे काम संपले. घिसाडी व गावचे लोहार यांचे काम वर्षागणिक कमी होत आहे. पुढच्या पिढीतील मुले भट्टीपाशी बसत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्या दिवशी रंग पाहून पाणी देणारा शेवटचा हात थांबेल, त्या दिवशी पायना हा शब्द आपल्याकडे केवळ परीक्षेच्या उत्तरात उरेल.

सबब वैद्यबंधू व औषधालयचालक यांना विनंती की, प्रत्येकाने निदान एक सत्तूर माप व काम सांगून घडवून घ्यावा. पेरणीपूर्वी व ऊसतोडीच्या हंगामाआधी लोहाराला उसंत नसते, संक्रांतीनंतर जावे. घासाघीस करू नये. घडणीच्या वेळी स्वतः उपस्थित राहावे, शक्य असल्यास आपल्या विद्यार्थ्यांनाही न्यावे. सुश्रुतांनी शस्त्रे आपले काम जाणणाऱ्या कुशल कर्माराकडून करवून घ्यावीत असे सांगितले आहे. तो कर्मार आजही उदगीर, अहमदपूर, कंधार, भोकरच्या रस्त्याकडेला भट्टी पेटवून बसलेला आढळतो. त्याच्याकडे जाण्याचे काम आपले आहे.